सोड्याच्या पाण्याची साक्ष

हळदीचा हात पांढऱ्या सदऱ्याला लागला आणि घाईघाईने त्यावर साबण चोळला, की पिवळा डाग बघता बघता तांबडा होतो. "आधी उन्हात टाकायचास ना!" असं म्हणणारी आजी प्रत्येक घरात असते. त्या तांबड्या डागावर लिंबू पिळलं तर तो पुन्हा पिवळा होतो, हे मात्र बऱ्याच आज्यांनी करून पाहिलेलं नसतं. पारंपरिक कुंकूसुद्धा याच जादूचं अपत्य. हळदीवर क्षाराचा संस्कार झाला की ती लाल होते आणि देव्हाऱ्यातल्या कोयरीत जाऊन बसते. रंग बदलणाऱ्या पुडीचं आपल्याला तसं नवल नाही. नवल याचं, की अशाच एका पुडीच्या भरवशावर महाराष्ट्र सरकारचं एक अख्खं खातं गेली कित्येक वर्षं आपल्याच नोकरांना पकडत आलं आहे.

लाचलुचपत प्रतिबंधक विभाग हे त्या खात्याचं नाव. बातम्यांत 'एसीबी'. "पंधरा हजारांची लाच घेताना रंगेहाथ पकडले" ही ओळ आपण इतक्यांदा वाचतो, की 'रंगेहाथ' हा शब्द गुळगुळीत झालेला आहे. मलाही तो कैक वर्षं नुसता वाक्प्रचार वाटायचा. मग न्यायालयाची निकालपत्रं वाचायची खोड लागली आणि एका निकालात वाक्य दिसलं, की आरोपीच्या उजव्या हाताच्या बोटांचं धुवण गुलाबी झालं, डाव्या हाताचं झालं नाही. म्हणजे इथे हात खरोखरच रंगतात, आणि कुठला हात रंगला हेसुद्धा लिहून ठेवतात! पैसे उजव्या हाताने घेतले, डाव्याने नाही. लाच घेतानाही माणूस उजवा हात पुढे करतो, हा संस्कार किती खोल गेलेला असावा.

पुडीचं नाव फिनॉल्फ्थॅलीन. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल-अल्कलीचा प्रयोग करताना ब्युरेटखाली ज्याचे दोन थेंब टाकायचे तीच ही. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी ती १८७१ साली पहिल्यांदा तयार केली. कोरडी असताना पांढरी, वासहीन, बोटाला लागली तरी कळणार नाही अशी. साध्या पाण्यात किंवा घामात ती मुकाट बसते. पण पाण्यात धुण्याचा सोडा टाकला, पीएच सव्वाआठच्या वर गेला, की तिच्या रेणूतली एक मिटलेली कडी उघडते. एरवी एकेका खोलीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांना सबंध वाडा हिंडायला मोकळा होतो, आणि तसा तो झाला की रेणू हिरवा प्रकाश गिळू लागतो. उरलेला प्रकाश आपल्या डोळ्यांना दिसतो तो गुलाबी, जरासा जांभळट. पूड अगदी कणभर पुरते. नोटेवरून बोटावर आणि बोटावरून पाण्यात गेलेली, डोळ्यांना न दिसणारी चिमूटही पेलाभर पाणी रंगवते.

हळद का नाही वापरत? हळद चोरी व्हायच्या आधीच चुगली करते. सापळ्याला हवी असते ती कामापुरतीच बोलणारी पूड.

या पुडीला आणखी एक इतिहास आहे आणि तो सांगायचा मोह मला आवरत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हंगेरीत, वाइनमधली लबाडी ओळखण्यासाठी तिच्यात फिनॉल्फ्थॅलीन घालायचा विचार चालू असताना, ते पोटात गेल्यावर काय होतं हे तपासलं गेलं आणि निष्पन्न झालं की जुलाब होतात. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं ते जगभर सारक औषध म्हणून विकलं गेलं. कर्करोगाच्या शंकेमुळे अमेरिकेत ते १९९०च्या दशकाच्या अखेरीस औषधातून बाद झालं. खाल्लेलं पचू न देणं हा या पुडीचा जन्मजात गुणच म्हणायचा.

महाराष्ट्रातल्या कित्येक खटल्यांत हिच्याऐवजी अँथ्रासीन नावाची पूड दिसते. ती डांबरापासून मिळते आणि अतिनील दिव्याखाली निळसर चमकते. मग खोलीच्या खिडक्या लावतात, दिवा पेटवतात, आणि साहेबांची बोटं, खिसा, टेबलाचा खण असं जिथे जिथे नोट फिरली तिथे तिथे काजवे दिसू लागतात. बघणाऱ्या पंचांना पहिल्यांदा काय वाटत असेल!

आता सापळा. खात्याच्या भाषेत धाड आणि सापळा यांत फरक आहे. धाड अचानक पडते. सापळा रचावा लागतो, आणि त्याची रचना अगदी पहिल्यापासून सांगण्यासारखी आहे.

समजा, वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नोंद करायची आहे आणि फेरफार काही केल्या मंजूर होत नाही. शेवटी कार्यालयातून सूचना येते, "आमचंही काहीतरी बघा." शेतकरी १०६४ या टोल फ्री क्रमांकावर फोन करतो किंवा थेट कार्यालयात जाऊन तक्रार देतो. इथे चित्रपटातल्यासारखी जीप सुटत नाही. आधी दोन पंच बोलावले जातात. ते सहसा सरकारी नोकरच असतात, पण वेगळ्या खात्यातले. पाटबंधारे किंवा कृषी खात्यातला कुणी कारकून सकाळी डबा घेऊन कामाला निघतो, साहेब म्हणतात "तुला एसीबीच्या ऑफिसात जायचंय, का ते विचारू नको," आणि दुपारी तो अनोळखी शेतकऱ्याचा भाचा बनून एका परक्या कार्यालयाच्या बाकावर बसलेला असतो. या पंचाविषयी कुणी कथा लिहिली आहे का, ठाऊक नाही. लिहायला हवी.

पहिली पायरी पडताळणीची. तक्रारदाराजवळ छोटा व्हॉईस रेकॉर्डर दिला जातो. तो पंचासह जातो, कामाचं विचारतो, आणि मागणी खरोखर होते का ते ऐकलं जातं. लाच मागणारा सहसा 'लाच' म्हणत नाही, 'पैसे'ही म्हणत नाही. पाच बोटं दाखवतो, कॅल्क्युलेटरवर आकडा टाइप करून पुढे सरकवतो, "चहापाण्याचं बघा", "फाइलीवर वजन ठेवा", "बाहेर आमचा माणूस आहे त्याच्याशी बोला" असं काहीतरी म्हणतो. त्या बाहेरच्या माणसाला खात्याच्या प्रसिद्धिपत्रकात 'खासगी इसम' म्हणतात आणि आरोपी लोकसेवकाला 'आलोसे' हे लघुनाव आहे. या पत्रकांतला माझा सर्वांत आवडता शब्द मात्र 'तडजोडीअंती'. वीस हजारांची मागणी, तडजोडीअंती पंधरा. भाजीबाजारातली घासाघीस लाचेलाही चुकलेली नाही, आणि तिची नोंद दोन पंचांसमक्ष होते.

मागणी पक्की झाली की दुसरा अंक. तक्रारदार नोटा आणतो. त्यांचे क्रमांक एकेक करून पंचनाम्यात उतरवले जातात. रक्कम फार मोठी असली तर वर-खाली खऱ्या नोटा आणि मध्ये मुलांच्या खेळातल्या नोटांची थप्पी असा बनावही करतात. मग एक कर्मचारी नोटांना पूड लावतो आणि पंचांना प्रात्यक्षिक दाखवतो: हे बघा सोड्याचं पाणी, यात माझा स्वच्छ हात बुडवला, काही झालं नाही, आता नोटेला हात लावून बुडवतो, बघा. यानंतर तो कर्मचारी हात धुतो, ते पाणी फेकून दिलं जातं, आणि तो सापळ्याला जातच नाही. कार्यालयात मागे थांबतो. तक्रारदाराच्या खिशातल्या इतर सगळ्या वस्तू काढून घेतात, नोटा त्याला हात लावू न देता खिशात ठेवतात आणि बजावतात: मागितल्याशिवाय द्यायच्या नाहीत, साहेबांशी हस्तांदोलन करायचं नाही, आणि पैसे दिले की ठरलेला इशारा करायचा. डोक्यावरून हात फिरवणं, चष्मा काढून पुसणं, टोपी काढून पुन्हा घालणं, असलं काहीतरी.

पहिला पंच तक्रारदाराच्या सोबत राहतो, दुसरा पथकाबरोबर बाहेर. इशारा होतो, पथक आत शिरतं, एकजण उजवं मनगट धरतो, दुसरा डावं. दोन पेल्यांत सोड्याचं पाणी ताजं तयार होतं. दोन्ही हात वेगवेगळ्या पेल्यांत, मग पँटच्या खिशाचं अस्तर तिसऱ्या पेल्यात. प्रत्येक पाणी वेगळ्या बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर पंचांच्या सह्या, वर लाखेचं सील. न वापरलेल्या सोड्याच्या पाण्याची आणि पुडीची नमुना-बाटलीसुद्धा वेगळी ठेवतात. हे सगळं न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातं.

मी पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा वाटलं, हा सगळा खटाटोप लाच घेणाऱ्याला अडकवायला आहे. पुन्हा पुन्हा वाचल्यावर दिसलं ते वेगळंच. यातल्या बहुतेक पायऱ्या पकडणाऱ्यांवर पाळत ठेवण्यासाठी आहेत. पूड लावणारा मागे का थांबतो? उद्या वकील विचारेल, की आरोपीचं मनगट धरणाऱ्याच्याच बोटांना पूड होती कशावरून नाही? हस्तांदोलनाला मनाई का? कारण तक्रारदाराच्या तळव्यावरची पूड आरोपीच्या तळव्यावर जाईल. तक्रारदाराचा खिसा रिकामा का? त्याने बाहेरून दुसऱ्या नोटा नेल्या नाहीत हे दिसावं म्हणून. पंच परक्या खात्यातले का? पोलिसांनी पोलिसांच्या बाजूने दिलेली साक्ष कोण मानणार म्हणून. उलटतपासणीत कुठे तरी एक प्रश्न विचारला गेला, एक आरोपी सुटला, आणि पुढच्या सापळ्यात एक पायरी वाढली. सापळ्याचा पंचनामा म्हणजे अशा सुटलेल्या आरोपींचा गाळच. थर मोजता आले तर कुठला थर कुठल्या खटल्याने टाकला हेही सांगता येईल. पुडीचा थर तर नक्की सांगता येतो. रघबीर सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७०च्या दशकातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा खात्यांना बजावलं, की नोटांना फिनॉल्फ्थॅलीन लावत चला, म्हणजे न्यायालयाला कधीकधी संशयास्पद वाटणाऱ्या तोंडी साक्षींवर विसंबावं लागणार नाही.

एवढं करून पाणी गुलाबी झालं, तरी शिक्षा होतेच असं नाही. मला सगळ्यात चकित केलं ते याने. कायद्याच्या नजरेत गुलाबी पाण्यातून एवढंच कळतं, की या हाताने त्या नोटा हाताळल्या. का हाताळल्या, ते पाणी सांगत नाही. उसने दिलेले परत घेतले असतील, शासकीय फी म्हणून घेतले असतील, कुणी बळेच हातात कोंबले असतील. म्हणून न्यायालयं सतत एकाच शब्दापाशी येऊन थांबतात: मागणी. मागणी सिद्ध नसेल तर रंगलेल्या हातांनीही माणूस निर्दोष सुटू शकतो. रसायनशास्त्र जिथे संपतं तिथून भाषा सुरू होते, आणि "आमचंही काहीतरी बघा" या दहा अक्षरी आडवळणाचा अर्थ लावायला न्यायाधीश बसतात.

मग तक्रारदार फितूर झाला तर? खटला उभा राहीपर्यंत वारला तर? मागणी ऐकणारा मुख्य माणूसच गेला. हा पेच नीरज दत्ता विरुद्ध दिल्ली सरकार या खटल्यात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठापुढे गेला. त्या खटल्यात तक्रारदार साक्ष देण्याआधीच वारलेला होता. १५ डिसेंबर २०२२ रोजी घटनापीठाने सांगितलं, की मागणी सिद्ध व्हायलाच हवी, पण ती दुसऱ्या साक्षीदारांवरून आणि परिस्थितीजन्य पुराव्यावरूनही सिद्ध होऊ शकते. देशभरातल्या सरकारी वकिलांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. गंमत पुढेच आहे. मार्च २०२३मध्ये हाच नियम घेऊन मूळ खटला तपासला गेला, तेव्हा उरलेल्या पुराव्यावरून मागणी सिद्ध होत नाही असं ठरलं आणि आरोपी निर्दोष सुटली. जिच्या खटल्यातून सरकार पक्षाला सोयीचा नियम मिळाला, तिलाच तो नियम अडकवू शकला नाही.

रेकॉर्डरनेही सगळं सोपं झालेलं नाही. आवाज आरोपीचाच कशावरून? त्यासाठी आवाजाचा नमुना लागतो, आणि तो द्यायला लावणं म्हणजे माणसाला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणं नव्हे का, हा प्रश्न २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने सोडवला: दंडाधिकारी तसा आदेश देऊ शकतात. ध्वनिफितीची प्रत न्यायालयात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र हवं, हे पक्कं झालं ते २०२०मध्ये, आणि तेही लाचेच्या खटल्यात नाही, तर जालन्याच्या विधानसभा निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात चाललेल्या वादात. सापळ्याच्या गाळातला एक थर असा जालन्यातून वाहत आलेला आहे.

या खात्याचं वय महाराष्ट्रापेक्षा जास्त आहे. ते स्थापन झालं १९५७ साली, द्वैभाषिक मुंबई राज्य असताना. महाराष्ट्र राज्य त्यानंतर सुमारे अडीच वर्षांनी आलं. महासंचालक प्रमुख, मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकपासून नागपूर, अमरावती, छत्रपती संभाजीनगर आणि नांदेडपर्यंत आठ परिक्षेत्रं, आणि सगळं गृह विभागाच्या छताखाली. इथले अधिकारी राज्याच्या पोलीस दलातूनच काही वर्षांसाठी येतात आणि मुदत संपली की तिथेच परत जातात. आणि दरवर्षीच्या सापळ्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस याच खात्यांची नावं बहुधा वर असतात. ज्या घरात उद्या परत नांदायला जायचं आहे त्याच घराची झडती आज घ्यायची, अशी ही नोकरी.

अधिकार किती? एकीकडे बरेच आणि दुसरीकडे मोजून मापून. १९८८च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच घेणाऱ्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षं कैद आहे. लाच मिळवण्याचा नुसता प्रयत्नही गुन्हाच. एकदा मागणी आणि स्वीकार सिद्ध झाला, की ती लाचच होती असं न्यायालय गृहीत धरतं. नव्हती हे दाखवायची जबाबदारी मग आरोपीवर येते. फौजदारी कायद्यात असं ओझं आरोपीच्या खांद्यावर क्वचितच ठेवलं जातं. पण तपास कुणीही ऐरागैरा पोलीस करू शकत नाही. मुंबईत सहायक आयुक्त, बाकी ठिकाणी उपअधीक्षक, आणि सरकारने अधिकार दिला असेल तरच निरीक्षक.

मग येतात परवानग्या, आणि इथे कायद्याची नजर मोठी मजेदार आहे. एखाद्या अधिकाऱ्याने फाइलीवर घेतलेल्या निर्णयात भ्रष्टाचाराचा वास आला, तर २०१८पासून चौकशीला सुरुवात करायलाही आधी सरकारची परवानगी लागते. पण लाच घेताना जागीच पकडायचं असेल, तर ती लागत नाही. म्हणजे दोन हजार रुपयांसाठी हात पुढे करणाऱ्या कारकुनाला पकडायला सोड्याचं पाणी पुरतं, आणि कोटींचं कंत्राट वाकड्या बोटाने देणाऱ्यापाशी जायला आधी मंत्रालयाचा जिना चढावा लागतो. प्रामाणिक अधिकाऱ्याने निर्णय घेताना घाबरू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो अगदीच खोटा नाही. तरीही या दोन दारांची उंची बघून मला हसू येतं. खटला भरताना आणखी एक मंजुरी लागते, ती मात्र दोघांनाही. देण्याची मुदत तीन महिने, फार तर एक महिना वाढीव.

अटक होऊन कोठडी ४८ तासांच्या पुढे गेली, की कर्मचारी निलंबित झाला असंच समजतात, वेगळा निर्णय घ्यावा लागत नाही. निलंबनात निर्वाह भत्ता चालू राहतो. गावकरी म्हणतात, "बघा, घरी बसून पगार." तो पूर्ण पगार नसतो, हे सांगून काही उपयोग होत नाही.

आणि देणाऱ्याचं काय? २०१८च्या दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही थेट गुन्हेगार केलं. पण दोन फटी मुद्दाम ठेवल्या. ज्याला बळजबरीने द्यावी लागली त्याने सात दिवसांत तक्रार केली तर तो सुटतो. आणि आधी यंत्रणेला कळवून, तिला मदत म्हणून लाच देणारा गुन्हेगार ठरत नाही. ही दुसरी फट नसती तर सापळ्यातला शेतकरी स्वतःच आरोपी झाला असता! सापळ्यात गेलेले त्याचे पैसे मुद्देमाल म्हणून अडकतात. ते सरकारने त्याला भरून द्यायची सोय आहे.

दिल्लीकडे एक धावती नजर. सीबीआयचा उगम शोधत मागे गेलं तर आपण पोहोचतो लाहोरला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी पुरवठ्याच्या कंत्राटांत पैसे खाल्ले जाऊ लागले, म्हणून १९४१ साली युद्ध खात्यासाठी एक विशेष पोलीस पथक उभारलं गेलं आणि त्याचं मुख्यालय होतं लाहोरमध्ये. त्याचे प्रमुख कुर्बान अली खान फाळणीत पाकिस्तानात गेले. त्या पथकासाठी १९४६ साली केलेला दिल्ली विशेष पोलीस आस्थापना कायदा मात्र इथे राहिला. सीबीआय हे नाव १ एप्रिल १९६३ रोजी आलं, कायद्याने नाही, गृह मंत्रालयाच्या एका ठरावाने. यावर बोट ठेवून ६ नोव्हेंबर २०१३ रोजी गुवाहाटी उच्च न्यायालयाने सीबीआयची स्थापनाच घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने तीन दिवसांत स्थगिती दिली म्हणून ती चालू आहे. दिल्लीच्या नावाचं पोलीस पथक असल्यामुळे दुसऱ्या राज्यात शिरताना तिला त्या राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने ती सरसकट संमती ऑक्टोबर २०२०मध्ये काढून घेतली आणि सरकार बदलल्यावर ऑक्टोबर २०२२मध्ये परत दिली. पाहुण्याला उंबऱ्यावर थांबवायचं की आत घ्यायचं, हे घरात कोण आहे त्यावर ठरलं. लोकायुक्त हे पद देशात प्रत्यक्ष पहिल्यांदा आणलं ते महाराष्ट्राने, १९७१च्या कायद्याने. ओडिशाने कायदा आधी केला होता, पण अंमल नंतर. लोकपालाची कथा राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंपासून कायदा होईपर्यंत सर्वांना पाठ आहे. कायदा २०१४च्या जानेवारीत लागू झाला आणि पहिला लोकपाल नेमला गेला २०१९च्या मार्चमध्ये, हा पाच वर्षांचा तुकडा तेवढा पाठांतरातून गळतो.

सापळ्याला न सापडणारी लाच पकडायची दुसरी तऱ्हा आहे, अपसंपदेची. इथे पूड नाही, इशारा नाही, आहे ती तिसरीतली बेरीज-वजाबाकी. एक कालावधी ठरवायचा. त्याच्या सुरुवातीला किती मालमत्ता होती, शेवटी किती झाली, मधल्या काळात किती कमावलं, किती खर्चलं. ताळा जमला नाही तर उरलेला आकडा कुठून आला ते लोकसेवकाने सांगायचं. सोपं वाटतं, पण पोरीच्या लग्नातल्या जेवणावळीचा खर्च कसा काढणार? बायकोच्या अंगावरचं सोनं माहेरचं किती, नंतरचं किती? आणि "शेतीचं उत्पन्न" हे तर हुकमी उत्तर. ज्या शेतीत सख्ख्या भावाला कर्ज फेडता येत नाही, तीच शेती साहेबांना फ्लॅट घेऊन देते. कृष्णानंद अग्निहोत्री खटल्यात तफावत उत्पन्नाच्या १० टक्क्यांहूनही कमी निघाली आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं. तेव्हापासून तो १० टक्क्यांचा आकडा एखाद्या परंपरागत सवलतीसारखा बचावाच्या वकिलांच्या तोंडी असतो.

पण मी पुन्हा बाटलीकडे येतो. खटला दोन वर्षांत संपवायचा प्रयत्न व्हावा असं आता कायद्यात लिहिलं आहे. खटले मात्र त्याहून कितीतरी लांबतात. तोवर बाटल्या मुद्देमालाच्या खोलीत फडताळावर बसून असतात. फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग सोड्याच्या पाण्यात कायम टिकत नाही. तो हळूहळू फिकट होतो आणि अखेर विरून जातो. एक दिवस पुकारा होतो, पंच क्रमांक १ साक्षीला उभा राहतो. तेव्हाचा तो कारकून आता निवृत्त झालेला असतो, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. सरकारी वकील बाटली त्याच्या हातात देतात. आत स्वच्छ, बिनरंगी पाणी. तो बाटली उजेडाकडे धरतो, चिठ्ठी वाचतो आणि सांगतो, ही सही माझी आहे.